लाल चिठ्ठीवाले शिरसाठ

घरात लक्ष्मी यावी म्हणून आमच्या सासूबाईंनी एके काळी इतक्या वस्तू आणून ठेवल्या होत्या, की ती खरंच आली असती तर तिला पाय ठेवायला जागा नव्हती. हे वाक्य माझं नाही. ते आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शिरसाठकाकांचं आहे, आणि ते त्यांनी सासूबाईंच्या तोंडावर, त्यांच्याच हातचा चहा पिताना म्हटलं होतं. तेव्हा आमच्या हॉलमध्ये काचेच्या बाऊलमधलं कासव, तांब्याचा पिरॅमिड, लाल फितीत बांधलेले बांबू, सात घोडे, दारामागे खड्यामिठाची वाटी आणि शोकेसच्या वर एक लाफिंग बुद्धा असा सगळा बंदोबस्त होता. मनीप्लांट चोरून आणलेला असला तरच लागू पडतो म्हणतात, म्हणून सासूबाईंनी तो बँकेच्या कुंडीतून तोडून आणला होता. काकांनी लाफिंग बुद्धा उचलला, उलटा करून बुडाखाली बघितलं, परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, "आजी, हे आमच्यातले नव्हेत बरं का. आमच्यातले एवढं जेवत नसत."

शिरसाठकाका मूळचे बीडकडचे, पण सगळी नोकरी चाकणला. मोटारीच्या सीटचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ते लाइन इन्चार्ज होते. निगडीच्या चौकातून पहाटे कंपनीची बस पकडायची आणि चाकणच्या ट्रॅफिकने सोडलं तर दुपारी घरी यायचं, हा त्यांचा क्रम. उंच, काटकुळा माणूस. पायात कायम कंपनीचे सेफ्टी शूज, लग्नालाही तेच. खिशात पेन आणि लाल स्टिकरची एक गुंडाळी. जगातल्या प्रत्येक वस्तूला ते 'मटेरियल' म्हणत. लग्नाला मटेरियल किती येणार, असं त्यांनी एका वधूपित्याला विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

त्या लाल स्टिकरची गोष्ट अशी. कंपनीत जपानी पद्धतीचं एक खूळ होतं. वर्षभरात जी वस्तू कुणी हाताळली नाही तिला लाल चिठ्ठी लावायची. तिच्यावर वस्तूचं नाव आणि चिठ्ठी लावायचं कारण लिहायचं. मग ती वस्तू शेडच्या कोपऱ्यात पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या चौकोनात नेऊन ठेवायची. ठरलेल्या मुदतीत कुणी ती आपली म्हणून सांगितली तर ठीक, नाहीतर कुदळवाडीचा भंगारवाला. बाकीच्यांनी हे ऑडिटपुरतं मनावर घेतलं. शिरसाठकाकांनी ते घरी आणलं, आणि घरातलं संपल्यावर बिल्डिंगमध्ये.

त्यांची एक सवय होती. कुणाच्याही घरी गेले की दार ढकलत ढकलत पार भिंतीला टेकवायचे. टक् असा आवाज आला की चेहरा खुलायचा. आवाज आला नाही, दार मध्येच कशाला तरी अडलं, तर फक्त 'हं' म्हणायचे. त्या 'हं'ला आमच्या बिल्डिंगमधल्या बायका सासूच्या 'हं'पेक्षा जास्त भ्यायच्या.

खालच्या मजल्यावरच्या जगदाळ्यांच्या दारापासून हे प्रकरण वाढलं. त्यांच्या अमोलचं लग्न जमत नव्हतं. मुलगा तळवड्याला आयटीत, दिसायला बरा, निर्व्यसनी; तरी मुलीकडचे लोक यायचे, पोहे खायचे आणि कळवतो म्हणून जायचे ते जायचेच. जगदाळ्यांनी वास्तूवाले बोलावले. ते गळ्यात होकायंत्र घालून घरभर फिरले आणि म्हणाले, दार दक्षिणेला आहे, शिवाय संडास चुकीच्या कोपऱ्यात आहे, तो फोडून दुसरीकडे न्यावा लागेल. जगदाळे रडकुंडीला आले, कारण दुसरीकडे म्हणजे स्वयंपाकघर होतं.

त्याच संध्याकाळी काका तिथे गेले, दार ढकललं, आणि 'हं' म्हणाले. दारामागे चपलांचं कपाट, त्याच्यावर मिक्सरचा रिकामा खोका, शेजारी अमोलच्या शाळेतल्या क्रिकेटच्या बॅटा आणि कपडे वाळत घालायची एक सायकल, म्हणजे व्यायामाची सायकल. पण व्यायाम तिच्यावर फक्त टॉवेल करत होते. दार अर्धंच उघडत होतं.

"जगदाळे, अहो, दक्षिणेचं राहू द्या," काका म्हणाले. "शुभकार्याला कुणी आडवं येऊ नये म्हणतात, तुमच्याकडे तर सगळे पाहुणेच आडवे होऊन येतात."

त्या दिवशी सगळ्या सामानाला लाल चिठ्ठ्या लागल्या. संडास वाचला. पुढच्या वेळी मुलीकडचे सरळ चालत आत आले आणि दिवाळीनंतर अमोलचं लग्न झालं. आता यात दाराचा वाटा किती आणि मुलगी त्याच्याच ऑफिसातली होती याचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण बिल्डिंगने सगळं श्रेय लाल चिठ्ठीला दिलं. आपल्याकडे चांगलं झालं की ते कुणामुळे तरी झालेलं असावं लागतं, त्याशिवाय लोकांना झोप लागत नाही.

मग काय, काकांना बोलावणी येऊ लागली. काका हसायचे. "नशिबालाबी वळायला जागा लागते, राव," असं म्हणायचे आणि चिठ्ठ्या लावत सुटायचे. कान तुटलेले कप, बंद पडलेली घड्याळं, पोरं इंजिनिअर झाली तरी जपलेली बालवाडीची दप्तरं. पण खरी अडचण वेगळ्याच मटेरियलची होती. प्रत्येक घरात एक पिशवी असते, जिच्यात टाकवत नाहीत अशा गोष्टी असतात. लग्नपत्रिका, कारण तिच्यावर गणपती. उडालेल्या रंगाचे देवांचे फोटो. कुठल्या तरी पूजेचा सुकून खडखडणारा नारळ. ठेवायचं तर जागा नाही, टाकायचं तर हात होत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई अशी मोठी पिशवी घेऊन काकांच्या दारात आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्हीच टाकून या ना एवढं. तुम्हाला काय, तुमच्यात चालतं."

मी माझ्या दारात उभी होते. काका पिशवीकडे बघत राहिले, हात पुढे केला नाही. मग अगदी सावकाश म्हणाले, "बाई, आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तुमचं उचललं. मी लाइन इन्चार्ज आहे. मी चिठ्ठी लावतो. उचलायचं ज्याचं त्यानं."

आणि त्यांनी खिशातून गुंडाळी काढून खरोखरच पिशवीला चिठ्ठी लावली. मला त्या क्षणी टाळी वाजवावीशी वाटली, आणि आमच्या बिल्डिंगची लाजही वाटली. बाईंचं तोंड एवढंसं झालं. पिशवी त्यांनाच उचलून खाली न्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर काकांनी पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी, पिवळ्या रंगाने एक चौकोन आखला आणि बिल्डिंगला नियम सांगितले. चिठ्ठी ते लावतील, उचलून आणायचं मालकाने. आठवडाभर वस्तू तिथे राहील. कुणाला आपली वस्तू परत न्यायची असेल तर त्याने सगळ्यांसमोर, मोठ्याने, ती कशाला लागते ते सांगायचं आणि वर्षभरात वापरली का तेही. सांगता आलं तर खुशाल परत न्या. या शेवटच्या नियमानेच निम्मी बिल्डिंग रिकामी झाली. लोक तावातावाने खाली यायचे, चौकोनापाशी थांबायचे, तोंड उघडायचे आणि परत मिटायचे. चार माणसांत सांगता येत नाही अशा कारणासाठी आपण किती सामान सांभाळतो, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मात्र काकांनी स्वतः फोटोंच्या फ्रेमचे खिळे कसे काढायचे ते दाखवलं, काच वेगळी, लाकूड वेगळं, आणि देवांचे कागद महापालिकेच्या निर्माल्याच्या गाडीत कसे द्यायचे तेही. पुढे बाईंनी त्यांना चहाला बोलावलं. म्हणे दार भिंतीला टेकेपर्यंत उघडं ठेवून बसल्या होत्या.

नियमापुढे टिकलेला पहिला माणूस म्हणजे आमच्या सासूबाई. आमचे घोडे, कासव, पिरॅमिड सगळे खाली गेले होते आणि त्यांच्याबरोबर लाफिंग बुद्धाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई कठड्याला धरत खाली उतरल्या आणि चौकोनापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "तो माझा बुटका परत द्या."

"कशाला लागतो, आजी?" काकांनी विचारलं.

"घरात हसणारं तेवढं एकच तोंड आहे."

मी तिथेच उभी होते, हे त्यांना माहीत होतं. काकांनी गंभीर चेहऱ्याने बुटक्यावरची चिठ्ठी काढली आणि कंपनीतल्यासारखं 'पास' म्हणाले. तो बुटका अजून आमच्या शोकेसवर आहे, आणि त्याच्याकडे बघितलं की मी निदान त्या दिवसापुरती तरी हसायचा प्रयत्न करते.

असा हा माणूस कशालाच भ्यायचा नाही. मांजर आडवी गेली तर तिला 'जा बाई आधी तू' म्हणायचा. भीती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती रिटायरमेंट जवळ येत गेली तशी वाढत गेली. जिन्यात भेटले की मला विचारायचे, "मॅडम, तुम्ही पोरांना शिकवता, सांगा. माणूस रिटायर झाला की त्याला कुठल्या खान्यात ठेवायचा?" मी काहीतरी थट्टेचं उत्तर द्यायचे. ते हसायचे, पण उत्तर त्यांना पटलेलं नसायचं.

कंपनीने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळाला त्यांनी घरी आल्या आल्या चिठ्ठी लावली. पहिले काही दिवस पहाटे उठून, सेफ्टी शूज घालून गॅलरीत उभे राहायचे आणि कंपनीची बस गेली की शूज काढायचे. बिल्डिंगमध्ये आता लावायला काही उरलं नव्हतं. सगळी दारं टक् करून भिंतीला लागत होती. मग त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली.

ते स्वयंपाकघर वत्सलाकाकूंचं होतं. काकू डबे करायच्या. तळवड्याच्या कंपन्यांत काम करणारी, खोल्या करून राहणारी पोरं त्यांच्या डब्यावर जगत होती. काकू कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ. बिल्डिंगच्या मीटिंगला कधी आल्या नाहीत, कुणाच्या दारात गप्पा मारत उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचा आवाज फक्त पहाटे यायचा, काकांशी भांडताना. कोथिंबीर नीट निवडली नाही, पाणी कुणी सोडून ठेवलं, बीडच्या कुठल्या मामाने कुठल्या लग्नात काय केलं. बसची वेळ होईपर्यंत भांडण चालायचं आणि संध्याकाळी राहिलेल्या ठिकाणापासून पुढे सुरू व्हायचं.

काकांनी त्या स्वयंपाकघराची लाइन करायला घेतली. आधी भिंतीवर खिळे ठोकून पोळपाट, झारा, सांडशी यांची जागा ठरवली आणि प्रत्येकाच्या मागे मार्करने त्याची आकृती काढली, म्हणजे वस्तू जागेवर नसली की लगेच दिसावी. मग कणीक डावीकडे, तवा उजवीकडे. मग मोबाइल घेऊन काकूंच्या मागे उभे राहिले आणि एका पोळीला किती वेळ लागतो ते मोजायला लागले. काकूंनी हे सगळं किती दिवस सोसलं कोण जाणे. रविवारी पोरांचा चिकनचा खास डबा असायचा; अशाच एका रविवारी काकांनी मसाल्याचे डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. काकूंचा हात सवयीने गेला तिथे हळदीऐवजी हिंग होता. डब्यांना आयुष्यात पहिल्यांदा उशीर झाला. खाली पोरं हॉर्न वाजवायला लागली.

दार उघडंच होतं, त्यामुळे पुढचं मी पाहिलं. काकूंनी काकांच्या खिशातून लाल गुंडाळी ओढली, पेन घेतलं, पिठाच्याच हाताने चिठ्ठीवर लिहिलं आणि ती काकांच्या छातीवर थापली. नाव: नवरा. कारण: वापरात नाही.

मला हसू आलं, काय करू. डबे न्यायला जिन्यात आलेली पोरंही हसली. काकांनी मान खाली घालून चिठ्ठी वाचली. मग एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, खाली गेले, आणि पिवळ्या चौकोनात बसले.

सगळ्यांना ती गंमतच वाटली. जगदाळ्यांनी फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. पण जेवणाची वेळ होऊन गेली तरी काका उठेनात. सासूबाईंनी माझ्या हाती ताट पाठवलं. काका म्हणाले, "नको, मॅडम. चिठ्ठी लागलेल्या मटेरियलवर खर्च करत नाहीत." जगदाळे समजूत घालायला गेले, म्हणाले, मी घेतो तुम्हाला, पत्त्यांना चौथा लागतोच. काकांनी मान हलवली. "आधी मालकाला विचारतात," म्हणाले. ताथवड्याहून मुलीचा फोन आला, तोही उचलला नाही. हळूहळू गॅलऱ्यांमधलं हसणं थांबलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की हा माणूस रुसलेला नव्हता. तो खरोखर वाट बघत होता. ज्या नियमाने त्याने आमची घरं मोकळी केली, त्याच नियमाने आपलं काय होतं ते त्याला बघायचं होतं. जिन्यात मला विचारलेला तो प्रश्न मी थट्टेवारी नेला होता; आता त्याचं उत्तर काकूंनाच द्यावं लागणार होतं, आणि काकू तर चार माणसांत बोलत नसत.

संध्याकाळचे डबे गेल्यावर काकू खाली आल्या. हाताला पीठ तसंच होतं. चौकोनाच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "चला वर."

काका समोर पंपाकडे बघत म्हणाले, "नियम हाय. कशाला लागतं ते सांगावं लागतं. सगळ्यांसमोर."

काकूंनी वर बघितलं. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. मला वाटलं, आता ह्या वळून निघून जातील.

"भांडायला लागतंय," काकू म्हणाल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. काकू हसल्या नाहीत. "सासू गेली, पोरगी तिच्या घरी गेली. पहाटं उठून एवढाली कणीक मळते मी. त्या येळंला कुणाशी भांडू? भिताडाशी?"

काकांनी मान वळवून काकूंकडे बघितलं. मग नियमाप्रमाणे दुसरा प्रश्न विचारला. "वर्षभरात वापरलं का?"

"रोज," काकू म्हणाल्या.

काका उठायला लागले, पण दिवसभर बसून गुडघा धरला होता. परत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "उचलायचं ज्याचं त्यानं." काकूंनी पदराला हात पुसले, त्यांचा दंड धरला आणि ओढून उभं केलं. दोघं जिना चढून गेली. पहिल्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत हिंगावरून भांडण सुरू झालेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं, आणि सासूबाई, ज्या त्यांना एरवी 'नास्तिक मेला' म्हणायच्या, डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

त्यानंतर मसाल्याचे डबे मूळ जागी गेले. भिंतीवरच्या आकृत्याही काकूंनी पुसल्या. लाटण्याची तेवढी ठेवली, वेळेला लाटणं पटकन हाताला लागावं म्हणून. काका लसूण सोलायला आणि स्कूटरवरून डबे पोचवायला लागले. आणि ती लाल चिठ्ठी? लोक जिथे तोरण लावतात, त्या चौकटीवर त्यांनी ती चिकटवली. 'वापरात नाही' यावर काकूंनी एक आडवी रेघ मारलेली होती. नवीन माणूस आला की विचारायचा, हे काय. काका सांगायचे, आमचं वास्तुयंत्र.

पुढे गुडघ्याने जिना सोसेना. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यांनी तळेगावला तळमजल्यावर घर घेतलं. सामान एका छोट्या टेम्पोत मावलं आणि वर जागा उरली. काकांना त्याचा अभिमान वाटत होता. सगळ्यांचे निरोप झाले, काकू पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. मी वर आले, आणि बघते तर काका एक एक पायरी करत परत वर येत होते. रिकाम्या घराच्या दारापाशी थांबले, सवयीने दार ढकललं. टक् झालं. मग चौकटीवरच्या चिठ्ठीचा कोपरा नखाने उचकायला लागले. ऊन आणि धूळ खाऊन ती घट्ट बसली होती, फाटू नये म्हणून ते फार जपून करत होते.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, नियम आहे. कशाला लागतं ते सांगावं लागतं."

त्यांनी वळून बघितलं नाही. चिठ्ठी अख्खी निघाली, ती त्यांनी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली आणि वरून हात दाबला.

"नजर लागू नये म्हणून," म्हणाले. "सासूबाईंना सांगू नका."

मी गॅलरीत गेले. खाली काका टेम्पोपाशी पोचले होते, आणि काकू तोंडाने काहीतरी बोलत, सरकून त्यांना जागा करून देत होत्या.